जावईबापूंचं माजघर

आमच्या घरी येणारा माणूस आधी सोफ्यावर बसतो. जावईबापू कधी बसले नाहीत. दारात बूट काढले की हातातली पिशवी सांभाळत ते सरळ भिंतीपाशी जायचे, बोटानं टकटक करायचे आणि भिंतीला कान लावायचे. माझी बायको चहाचा ट्रे घेऊन उभी. "चहा नंतर वहिनी, आधी भिंत पाहू द्या," असं म्हणत ते पुढच्या भिंतीकडे सरकायचे, आणि त्यांच्या मागून, हातात टॉर्च घेऊन, पाठराखणीसारखे माझे वडील. टोरांटोतल्या एटोबिको भागातलं हे घर माझं, भिंती माझ्या, वडीलही माझेच. पण शनिवारी दुपारी या सगळ्यावर ताबा जावईबापूंचा असायचा.

जावईबापू म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, मेधाचा नवरा. मूळचे नागपूरचे, राहायला नॉर्थ यॉर्कला, आणि काम लोकांच्या ऑफिसांत कॉम्प्युटरची जाळी उभारून देण्याचं. वयानं माझ्याहून चांगले लहान. तरीही त्यांना अरेतुरे करायची मला मुभा नव्हती. "घरचा जावई आहे, मान राखून बोलायचं," असं बाबांनी लग्नाच्या मांडवातच बजावलं होतं. स्वतः बाबा त्यांना 'जावईबापू' म्हणायचे आणि ती हाक थेट पोटातून यायची. मला ते 'अरे' म्हणतात. माझं नाव त्यांना ठाऊक असणार, ठेवलंय त्यांनीच; पण ते उच्चारायची वेळ त्यांच्यावर सहसा येत नाही.

आई गेल्यावर बाबा पुण्याहून आमच्याकडे आले आणि वरच्या मजल्यावरची उजेडाची खोली नाकारून बेसमेंटमध्ये राहिले. तिथे त्यांना स्वतंत्र वॉशरूम होती, चहाची किटली होती, आणि मागच्या अंगणात उघडणारं दार होतं. नव्हतं ते फक्त वायफाय. राउटर वर हॉलमध्ये, बाबा खाली, आणि मध्ये घर तापवणारी फर्नेस आणि तिची गरम हवा नेणारे पत्र्याचे डक्ट. रोज सकाळी ते पुण्यातल्या मित्राशी टॅबलेटवर बुद्धिबळ खेळायचे आणि डाव रंगात आला की घोडा हवेतच अडकायचा. "अरे, तू कॉम्प्युटरमधला ना?" अशी हाक जिन्यावरून वर यायची. आपल्या लोकांत कॉम्प्युटरमधला म्हणजे प्रिंटरपासून पंख्यापर्यंत सगळ्यातला. मी विम्याचे प्रोग्रॅम लिहितो. पण हे बाबांना सांगून उपयोग नव्हता, म्हणून मी "वीकेंडला बघतो" म्हणायचो, आणि वीकेंड ग्रोसरीत आणि ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसण्यात संपायचा.

शेवटी एकदा मी मनावर घेतलं. जुना राउटर कपाटात पडून होता. चालू स्थितीतली वस्तू टाकून देणं आपल्या रक्तात नाही. जिन्याच्या कठड्याला दोरीनं बांधत लांबलचक वायर खाली नेली आणि तो बाबांच्या टेबलावर जोडून दिला. पासवर्ड त्याच्या बुडाशी छापलेला होता, तोच राहू दिला. दोन दिवस बाबांनी माझ्याकडे जरा बऱ्या नजरेनं पाहिलं. मग त्यांचा घोडा तर अडकलाच, पण वरचं नेटही थांबत थांबत चालायला लागलं. बाबांनी मला काही न विचारता जावईबापूंना फोन लावला.

जावईबापू आले, खाली बसले, आणि त्यांनी माझ्या राउटरकडे डॉक्टर रोग्याकडे पाहतात तसं पाहिलं. "दादा, घरातल्या प्रत्येक फोनला पत्ता लागतो न. वरचाही पत्ते वाटून राह्यला, हाही वाटून राह्यला. फोनानं ऐकायचं कोणाचं? एका घरात दोन कारभारी नाही चालत." मग तो उलटा करून बुडाशी छापलेला पासवर्ड बाबांना दाखवला. "हे कुलूप आहे, पण किल्ली दारालाच लटकवली आहे. आणि एवढ्या जुन्या डब्याला आता अपडेटही येत नाहीत." बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "तरी मी याला सांगत होतो." बाबांनी मला असलं काही सांगितलं नव्हतं. त्यांना अपडेट म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. पण जावई बोलला की ते बाबांचं आधीपासूनचंच मत असायचं.

पुढच्या शनिवारी जावईबापू नवा अॅक्सेस पॉइंट घेऊन आले. भाकरीएवढी पांढरी तबकडी. टकटक करून भिंत कुठे पोकळ आहे ते ऐकलं, वरच्या हॉलमधल्या कपाटाच्या कोपऱ्यात त्यांनी बोटभर भोक पाडलं, तिथून वायर फर्नेसच्या मागून उतरवली आणि बाबांच्या खोलीच्या छताला ती तबकडी बसवली. पत्ते वाटायचं काम वरच्या राउटरकडेच ठेवलं. खालच्यानं नुसता आवाज पोचवायचा. तेवढा वेळ बाबा शिडी धरून उभे होते. मी लहान असताना बाबा घरात काही दुरुस्त करायला लागले की मला पहिला हुकूम असायचा, "लांब हो." पकड द्यायलाही त्यांनी मला कधी बोलावलं नाही. तोच माणूस परक्या मुलाच्या शिडीला दोन्ही हातांनी धरून "सावकाश हं, जावईबापू" म्हणत होता. माझा जीव जळला. दुसरा शब्द त्याला नाही.

घराला एकच वायफाय असणं जावईबापूंना मुळीच मान्य नव्हतं. त्यांनी तीन केली आणि नावंही स्वतःच ठेवली. घरच्यांसाठी 'माजघर', पाहुण्यांसाठी 'ओसरी', आणि फोनवरून लागणारे दिवे, दारावरचा कॅमेरा, झाडू मारणारं यंत्र या सगळ्यांसाठी 'गोठा'. "ही जनावरं गरीब दिसतात दादा, पण कोण कधी शिंग मारेल नेम नाही. त्यांना माजघरात कोण बांधते?" इथपर्यंत मलाही हसू आलं. मग त्यांनी माझा लॅपटॉप मागितला आणि तो ओसरीवर जोडला. "ऑफिसचा आहे न. दुसऱ्याच्या मालकीची वस्तू घरात काऊन घ्यायची?" त्यांचं बरोबर होतं. पण ज्या घराचे हप्ते मी भरतो त्या घराच्या ओसरीवर मला बसवलं होतं, आणि माजघरात जावई आणि सासरे होते.

माजघराचा पासवर्ड त्यांनी बाबांकडूनच घेतला. "एक लांब वाक्य सांगा बाबा, जे तुम्हीच बोलता, दुसरं कोणी बोलत नाही." बाबांनी त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघं शाळेतल्या पोरांसारखे हसले. जेवताना मी विचारलं, तर बाबा म्हणाले, "तुला काय करायचंय? तुझं ओसरीवर चालतंय ना?" सगळ्याचं नियंत्रण मात्र जावईबापूंच्या फोनमध्ये राहिलं. "मालक एकच ठेवू, सध्या मी राहतो. अपडेट आले की तिकडूनच करत जाईन." मी मान डोलावली.

आमच्याकडे गणपती असतो. त्याआधीची सगळी वर्षं हळदीकुंकवापासून गणपतीपर्यंत जो आला त्याला आम्ही पासवर्ड दिला होता. आमच्या मुलीचं नाव आणि तिचं जन्मसाल, इथल्या अर्ध्या महाराष्ट्र मंडळाला पाठ. "आलेल्याला पाणी द्यावं दादा, माजघराची किल्ली नाही," असं म्हणून जावईबापूंनी प्रसादाच्या ताटाशेजारी ओसरीच्या पासवर्डाची चिठ्ठी उभी केली आणि विसर्जनानंतर घरी पोचायच्या आत तो बदलून टाकला. "देवासंगं पासवर्डही बोळवायचा." लोकांना भारी कौतुक. दोन-तीन जणांनी त्यांना आपल्या घरचं आमंत्रण दिलं. एक काकू मोदक खाता खाता मला म्हणाल्या, "तुम्ही पण कॉम्प्युटरमध्येच ना?"

माणूस वाईट असता तर सोपं गेलं असतं. एका सोमवारी माझी घरून मोठी मीटिंग होती आणि नेट कधी नव्हे ते सुरळीत चाललं. मीटिंग संपली तर फोनवर त्यांचा मेसेज: 'दादा, बाबांकडून मीटिंगचं कळलं. तुमच्यासाठी ओसरीचा वेग वाढवून ठेवला होता. झाली न नीट?' मी 'थँक्स' एवढंच लिहिलं. उपकार करणाऱ्याचा राग येतो, आणि तो दाखवताही येत नाही.

मग एका मार्चमध्ये मेधा दोन बॅगा घेऊन आमच्याकडे आली. "भांडण काही नाही दादा. We are just done," म्हणाली. खूप दिवसांनी थोडं बोलली. "तो लोकांच्या भिंतींना कान लावतो रे. घरी येईपर्यंत त्याच्याकडे ऐकायला काही शिल्लक नसायचं." बाबांनी तिला दोष दिला नाही, जावईबापूंनाही दिला नाही. नुसते शनिवारी दुपारी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहायला लागले. मला बहिणीचं वाईट वाटत होतं. आणि त्या वाईट वाटण्याच्या तळाशी, आता शनिवार माझा, असंही वाटत होतं.

घटस्फोटाची कागदपत्रं पूर्ण झाली. जावईबापू व्हँकुव्हरला निघून गेले. एके दिवशी भांडी पुसता पुसता मेधा म्हणाली, "दादा, आपल्या वायफायचा owner अजून तोच आहे. मी घरी कधी आले, कधी गेले, फोन connect झाला की त्याला दिसू शकतं. तो बघणार नाही, मला माहितीये. पण बघू शकतो ना, ते नको."

तिचं म्हणणं योग्य होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला हे काम हवंच होतं. मी पिन घेऊन बेसमेंटमध्ये गेलो. तबकडीच्या कडेला बारीक भोक असतं. त्यात पिन दाबून धरली की सगळं पुसलं जातं. मग सगळं नव्यानं मांडायचं, माझ्या नावानं. शिडी लावली. बाबा पलंगावरून उठले, पण शिडी धरायला आले नाहीत. "असं पुसून टाकू नकोस," ते म्हणाले. "आधी त्यांना विचार. माणसानं बांधलेलं आहे ते."

मी तिथूनच फोन लावला, स्पीकरवर. मेधा जिन्यात उभी होती. जावईबापूंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मीच फोन करणार होतो दादा, पण मेधाला कसं वाटेल म्हणून थांबलो. पुसू नका, बाबांचा खेळ बंद पडेल. मालक म्हणून तुम्हाला आमंत्रण पाठवतो, ते घ्या." आमंत्रण आलं, मी घेतलं. "आता लोकांच्या यादीत माझं नाव दिसते का? ते तुम्हीच काढा. मी काढलं तर मेधाला खात्री कशी वाटेल? मग पासवर्ड बदला, आणि तो मला सांगू नका."

मी त्यांच्या नावावर बोट ठेवलं. खरंच काढायचं का, असं फोननं विचारलं. मी हो म्हटलं.

"गेलो का मी?" त्यांनी विचारलं.

"गेलात," मी म्हणालो.

जिन्यात मेधाच्या पावलांचा आवाज झाला. ती वर गेली. बाबांनी हात पुढे केला आणि माझ्याकडून फोन घेतला. "जावईबापू," ते म्हणाले, अजूनही तसंच, पोटातून, "इकडे काही बिघडलं तर मी फोन कुणाला करायचा?"

"दादा आहेत न, बाबा."

"हो," बाबा म्हणाले, "तो आहे." पोळ्या संपल्यावर पाहुण्याला 'भात आहे' म्हणतात, तसं.

मग फोन माझ्या हातात देऊन ते पलंगावर बसले आणि धोतराच्या सोग्यानं डोळे टिपायला लागले. आवाज नव्हता, नुसतं टिपत होते. मी शिडीपाशी फोन हातात घेऊन उभा. आता घराचा मालक मी होतो, माजघराचाही. असाच एक दिवस मी या घरातून कायमचा निघून गेलो, तर बाबा माझ्यासाठी एवढे रडतील का, एवढंच मला तेव्हा विचारायचं होतं. विचारलं नाही. अजून विचारलेलं नाही.