सुई उचलायची वेळ

आमच्या रविवारच्या बैठकीला नाव नव्हतं, अध्यक्ष नव्हता आणि उद्दिष्टं तर मुळीच नव्हती. म्हणूनच ती इतकी वर्षं टिकली असावी. त्या काळी नागपुरात चार माणसं एकत्र आली की आधी मंडळ निघे, मग त्याची घटना तयार होई आणि मग फूट पडे. आम्ही चौघं मात्र दर रविवारी दुपारी महाल भागातल्या माझ्या घरी जमत असू आणि गाण्याची कोडी सोडवत असू.

पद्धत अशी होती. ज्याच्या हाती नवी रेकॉर्ड लागे, तो तिच्या मधल्या लेबलावर कोरा गोल कागद खळीने डकवून ती घेऊन येई, म्हणजे गाणाऱ्याचं नाव कुणाला वाचता येऊ नये. मग ग्रामोफोनला चावी द्यायची, सुई टेकवायची आणि राग कोणता, गाणारा कोण, ते ओळखायचं. नुसतं नाव सांगून भागत नसे. कशावरून, तेही सांगावं लागे. कारणाशिवाय दिलेलं बरोबर उत्तर आम्ही चूकच धरत असू.

यात एक अडचण होती. जुन्या रेकॉर्डींत गाणं संपलं की गाणारा स्वतःच खणखणीत आवाजात आपलं नाव सांगून मोकळा होई. म्हणून शेवटची तान संपते न संपते तोच सुई उचलावी लागे. हे काम मालबाबूंचं. ते रेल्वेच्या मालधक्क्यावर नोकरीला होते आणि तबला वाजवत. सम कुठे येणार हे त्यांच्या बोटांना ठाऊक असे, त्यामुळे सुई त्यांच्याइतकी नेमकी उचलणं दुसऱ्या कुणाला जमत नसे. तिसरे वकील. ते उत्तर देताना उगाचच उभे राहत.

चौथे मास्तर. मी शिकवत असे त्याच हायस्कुलात ड्रॉइंग शिकवून पेन्शनीत निघालेले. आमच्यात खरा कान त्यांचा. आम्ही राग शोधत असायचो तेव्हा ते गाणाऱ्याचा गुरू कोण हे सांगून सुपारी कातरत बसलेले असत. बायको वारलेली, मुलगी जबलपूरला दिलेली. रविवार सोडला तर बाकीच्या वारांशी त्यांचं फारसं काही उरलं नव्हतं.

एका हिवाळ्यात मास्तर चुकू लागले. आधी क्वचित, मग वरचेवर. ग्रामोफोनच्या जवळ सरकून बसायला लागले, उजवा कान पुढे करायला लागले. त्यांना ऐकू येईनासं झालं होतं. हे आम्हांला कळलं, आणि आम्हांला कळल्याचं त्यांना कळलं. आम्ही फक्त त्यांच्या पाळीला सोप्या, ओळखीच्या रेकॉर्डी लावू लागलो. त्यावर एकदा ते म्हणाले, "काहून गा, मले बिगरीच्या पोरांचं गणित देऊन राहिले का तुमी?" सगळे हसलो. वकिलांनी घाईघाईनं संत्रं सोलायला घेतलं.

कागदाचे गोल कापायचं काम मास्तरांकडेच होतं. त्या हिवाळ्यापासून प्रत्येक गोलावर मध्यापासून कडेपर्यंत शाईची एक जाड काळी रेघ दिसू लागली. "मास्तर, रेकॉर्डीले गंध लावून राहिले काय?" असं मालबाबूंनी विचारलं. मास्तर म्हणाले, "शोभेले." ड्रॉइंगच्या माणसाची लहर म्हणून आम्ही विषय सोडून दिला.

अशात एका रावबहादुरांना आमचा सुगावा लागला. हे मोठे मालगुजार, कित्येक गावांचे मालक. शहरातल्या बहुतेक संस्थांचे अध्यक्ष, आणि उरलेल्यांचे माजी अध्यक्ष. त्यांच्या बंगल्यातल्या दिवाणखान्यात भुसा भरलेला एक वाघ होता. गव्हर्नरसाहेबांचा फोटो वाघाच्या नेमका समोर टांगलेला असल्यामुळे दोघं एकमेकांकडे जरा संशयानं बघत. रावबहादुरांनी कलकत्त्याहून नवा ग्रामोफोन आणवला होता. एका लिलावात त्यांना रेकॉर्डींची पेटीही मिळाली होती. तीतल्या एका रेकॉर्डीचं लेबल कसरीनं खाल्लेलं होतं, आणि तिच्यावर कोणी बाई अलौकिक गाते, असं ते भेटेल त्याला सांगत. ती बाई कोण, हे आम्ही त्यांच्या पाहुण्यांसमोर ओळखावं, म्हणजे पेटीतल्या सगळ्या रेकॉर्डी आम्हांला आळीपाळीनं ऐकायला मिळतील, असं निमंत्रण आलं.

निमंत्रण वकिलांच्या हाती आलं होतं. त्याबरोबर तोंडी निरोपही होता. वकील तो सांगताना पहिल्यांदाच बसून बोलले.

"तिघंच या म्हणतात. मास्तरांना आणू नका. त्यांना ऐकू येत नाही असं कानावर आलंय म्हणे. कोणा बड्या पाहुण्यानं काही विचारलं, यांनी भलतंच सांगितलं, तर लोक हसतील."

"हे तुमी त्यांले सांगा," मालबाबू म्हणाले.

"मी? गुरुजींनी सांगावं. एका शाळेतले आहेत."

म्हणून संध्याकाळी मी मास्तरांच्या घरी गेलो. ते कागदाचे गोल कापत बसले होते. मी थंडीबद्दल बोललो, शाळेबद्दल बोललो. मास्तरांनी कात्री खाली ठेवली.

"मले आणू नका म्हटलं ना त्यायनं?"

मी हो म्हणालो.

"अन् तुमाले काय वाटते?"

"तुम्ही यावं असं वाटतं."

"मंग मी येतो. पण ऐका गुरुजी. तिथं मी चुकलो, तर तो माझा शेवटचा रविवार. त्याच्यानंतर मले बोलवायले यायचं नाही. अन् सोप्या रेकॉर्डी लावायच्या नाही."

मी कबूल केलं. घरी येताना वाटलं, आपण फार मोठं काही कबूल करून बसलो.

ठरल्या दिवशी आम्ही चौघंही टांग्यातून बंगल्यावर गेलो. मास्तरांनी इस्त्रीचा कोट घातला होता. रावबहादुरांनी त्यांना पाहून भुवया उंचावल्या, पण पाहुणे जमलेले असल्यामुळे त्या पुन्हा खाली घेतल्या. मग भाषण झालं. संगीत ही ईश्वराची देणगी आहे इथून सुरू होऊन ते नव्या ग्रामोफोनच्या किमतीपर्यंत आलं.

लेबल आधीच खाल्लेलं होतं, तरी मास्तरांनी खिशातून आपला गोल काढला आणि रेकॉर्डीवर डकवला. "नेम म्हणजे नेम," ते म्हणाले. मग खुर्ची ओढून ते ग्रामोफोनच्या अगदी कडेला बसले. मागून कोणीतरी हसलं.

रेकॉर्ड सुरू झाली. भीमपलास होता, त्यात शंका नव्हती. आवाज बाईचा, टोकदार, आणि ताना अशा की एकेक मोजायला गेलं तर दमछाक व्हावी. पाहुण्यांनी डोळे मिटले. आम्हीही मिटले. जाणकार माणसानं गाणं ऐकताना डोळे मिटावेत असा एक रिवाज आहे आणि आम्ही स्वतःला जाणकारच समजत होतो. मालबाबू कपाळाला आठ्या घालून मांडीवर ठेका धरू पाहत होते आणि मागे पडत होते. वकिलांनी मनातल्या मनात माहीत असलेल्या सगळ्या बायका तपासल्या असाव्यात, कारण त्यांचा चेहरा उतरत चालला होता. अशी बाई आम्ही कधी ऐकलीच नव्हती.

रेकॉर्ड अर्धीही झाली नव्हती तेवढ्यात रावबहादूर बोलू लागले. पुढे कळलं की कोणतीही रेकॉर्ड त्यांनी शेवटपर्यंत ऐकलेली नव्हती. दुसऱ्यानं फार वेळ बोललेलं वा गायलेलं त्यांना सोसत नसे.

"सांगा, ही विदुषी कोण?"

तेव्हा मास्तर म्हणाले, "बाई नाही हे."

दिवाणखान्यात हशा पिकला. रावबहादूर आमच्या वकिलांकडे वळले. मी सांगितलं होतं ना, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. मास्तरांचा रविवार गेला, एवढंच डोक्यात आलं.

"मास्तर," मी म्हणालो, "कशावरून?"

"मशीन पळून राहिली," मास्तर म्हणाले. "आपल्या घरी ही रेघ कोणत्या चालीनं फिरते ते मले पाठ आहे. इथं नजरेत ठरूनच नाही राहिली. आपल्या दोन फेऱ्यांत हिच्या तीन होऊन राहिल्या, अन् मशीन पळाली का आवाज चढते. मले गाणं धड ऐकू येत नाही, म्हणून चार महिने मी रेघच पाहत बसलो. तुमी सगळे डोळे मिटून ऐकता. मी काय मिटू?"

हे ते सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात बोलले. कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसं. हसणं थांबलं.

रावबहादुरांच्या ग्रामोफोनात, सुईच्या बाजूला, वेग कमीजास्त करायचा एक खटका होता. तो पार टोकाला सरकवलेला होता. "त्यानं गाण्याला तेज येतं," रावबहादूर म्हणाले. मालबाबूंनी काही न विचारता खटका मागे घेतला आणि सुई पुन्हा सुरुवातीला टेकवली.

काळी रेघ दिसू लागली. तबला माणसाच्या हाताचा झाला, आणि मालबाबूंची बोटं त्याच्याबरोबर चालू लागली. आणि ती बाई पाहता पाहता पुरुष झाली. उंच पट्टीतला, पण पुरुष.

"आता तुमी ऐका," मास्तर आम्हांला म्हणाले. "वरच्या जागा मले नाही ऐकू येत. त्या तुमी पाहा."

यावेळी मी डोळे उघडे ठेवले. समेवर येताना गाणारा शेवटचं अक्षर जरा दाबून, नाकात घोळवून सोडत होता. ही खोड आमच्या ओळखीची होती. माझ्याकडे त्याच्या दोन रेकॉर्डी होत्या, घासून घासून पांढऱ्या पडलेल्या. मी वकिलांकडे पाहिलं. ते केव्हाच उभे राहिले होते. त्यांनी गायकाचं नाव सांगितलं, मग कारण सांगितलं, आणि शेवटी, त्यांच्या स्वभावाला सोडून, एक वाक्य असं बोलले: "हे उत्तर मास्तरांचं आहे. आम्ही फक्त पुरावा दिला."

"पण खात्री काय?" रावबहादूर म्हणाले. प्रश्न रास्त होता.

गाणं संपत आलं होतं. सवयीनं मालबाबूंचा हात सुईकडे गेला. मास्तरांनी तो धरला.

"आज उचलू नका."

शेवटची तान समेवर आली. थोडी खरखर झाली, आणि त्या खरखरीतून गायकानं, आयुष्यात कधी कुणाला न घाबरलेल्या माणसाच्या आवाजात, आपलं नाव सांगितलं. वकिलांनी सांगितलेलंच.

टाळ्या बऱ्यापैकी झाल्या. रावबहादुरांच्या सर्वात मोठ्या होत्या. आपण वेग मुद्दामच वाढवला होता, परीक्षा म्हणून, असं त्यांनी पाहुण्यांना सांगितलं. अध्यक्ष माणूस सहसा पडत नाही.

मास्तर मात्र माझ्याकडे पाहत होते. "काय म्हणला? मले नाही समजलं."

मी त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि भर दिवाणखान्यात, वाघ दचकेल अशा आवाजात, ते नाव ओरडून सांगितलं. मास्तरांनी मान डोलावली. आपल्या शाळेतल्या पोरानं वर्तुळ गोल काढलं की ते जशी डोलवत, तशी.

आयुष्यात मी बरेच सत्कार पाहिले, एकदोन सोसलेही. पण आम्ही कोणीतरी आहोत असं मला खरोखर वाटलं ते त्या परतीच्या टांग्यात. रेकॉर्डींची पेटी मालबाबूंच्या मांडीवर होती. रावबहादुरांनी शब्द पाळला, हेही सांगायला हवं.

सीताबर्डी मागे पडली तसे मास्तर म्हणाले, "गुरुजी, आता रविवारी कठीण रेकॉर्ड लावा."

"लावतो," मी ओरडलो.

"अन् ओरडू नका. तेवढं ऐकू येते मले."