नाइंटी फाइवची गाडी

अझैबातल्या आमच्या नेहमीच्या पंपावर गाडी लावली, की काच पुरती खाली व्हायच्या आत प्रश्न येतो, "नाइंटी वन, नाइंटी फाइव?" नाइंटी वन म्हणजे साधं, स्वस्त पेट्रोल. नाइंटी फाइव लिटरमागे काही बैसे, म्हणजे इथले पैसे, महाग. मस्कतमध्ये पेट्रोल भरायला गाडीतून कुणी उतरत नाही. एसी चालू, काच चार बोटं खाली, पैसे बाहेर, यल्ला, खलास. इतक्या वर्षांत उतरणारा मी एकच माणूस पाहिला, आणि तो नेमका माझा नवरा.

बाहेर आग ओकणारं ऊन असलं तरी हा दार उघडून मीटरसमोर जाऊन उभा राहायचा. कशाला, तर झीरो बघायला. "अरे, ही वसई नाही," मी आतून ओरडायची. "कोण फसवतंय तुला इथे? आत ये, एसी जातोय सगळा!" तो ऐकतोय थोडाच! त्याच्या वडिलांची वसईला रिक्षा होती. कुठल्याशा पंपावरच्या रॉकेल मिसळलेल्या पेट्रोलने तिचं इंजिन बसलं आणि रिक्षा कित्येक दिवस अंगणात ताडपत्रीखाली पडून राहिली. ते दिवस तो विसरला नव्हता. त्यामुळे आमच्याकडे पेट्रोलचे कायदे होते. भरायचं ते याच पंपावर. भरायचं ते सकाळी, ऊन चढायच्या आधी. टँकर रिकामा होत असेल तर आत शिरायचंच नाही, तळचा गाळ ढवळला जातो. आणि सगळ्यांत मोठा कायदा म्हणजे नाइंटी फाइव. दर शुक्रवारी चर्चमधली मिस्सा झाली की मला शेजारी बसवून तो पंपावर गाडी घ्यायचा आणि ऐटीत सांगायचा, "नाइंटी फाइव, फुल!"

तिथून आम्ही बौशरच्या घाटाने वर जायचो. अमरातला उतरणारा हा रस्ता असा काही अंगावर येतो, की भल्याभल्या गाड्या कण्हतात. आमची पांढरी, जुनी, दुसऱ्याने वापरून दिलेली गाडी मात्र गुमान चढायची. वर एका कडेला थांबून थर्मासमधला चहा प्यायचा, खाली पसरलेलं पांढरं शहर बघायचं, आणि तो हमखास म्हणणार, "बघितलंस, कशी चढली? पेट्रोलचा गुण." मी म्हणायची, "हो बाबा, हो." आता वाटतं, तेव्हा जरा जास्त कौतुक केलं असतं तर माझं काय गेलं असतं?

गेल्या वर्षी त्याच्या कंपनीने त्याचा अख्खा विभागच बंद केला. त्याच सुमारास सासूबाई वसईला बाथरूममध्ये पडल्या. तो म्हणाला, सहा महिने आईजवळ राहतो, तोवर इथल्या एका ओळखीच्या अर्बाबने, म्हणजे अरब मालकाने, नोकरीचा शब्द दिलाय, बोलावणं आलं की नव्या व्हिसावर परत येतो. मला जाणं शक्य नव्हतं. मदिनत सुलतान काबूसमधल्या दातांच्या दवाखान्यात मी रिसेप्शनला आहे आणि मुलीचं मुंबईतलं कॉलेज त्या पगारावर चाललंय. विमानतळावर त्याने किल्ली माझ्या हातात ठेवली. "मी येईपर्यंत हिला नीट ठेव. पेट्रोल बघून घाल." बायकोला सोडून जाताना काय बोलायचं असतं, याचं ज्ञान या माणसाला कधीच नव्हतं. पण मी ते वाक्य धरून बसले. गाडी नीट राहिली तर तो येणार, असं काहीतरी खुळ्यासारखं मी मनाशी ठरवून टाकलं.

पहिले काही महिने मी सगळे कायदे पाळले. सकाळी भरलं, टँकर बघून बाहेरच्या बाहेर वळले, नाइंटी फाइवच घातलं. फक्त झीरो बघायला उतरले नाही. तेवढी मी वेडी नव्हते.

मग ईस्टर आला. ईस्टरला नक्की येतो, असं तो नाताळपासून म्हणत होता. मी त्याच्या आवडीचे सुके बोंबील मिळवून ठेवले होते, त्याला तसं फोनवर सांगितलंही होतं, बेडरूमचे पडदे धुतले होते. पवित्र आठवड्यात त्याचा फोन आला. "अगं, अर्बाबचं अजून काही नक्की नाही. जूनमध्ये बघू. इन्शाल्ला."

इन्शाल्ला! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. इतकी वर्षं इथे राहून मला काय कळत नाही, कुठला इन्शाल्ला येणारा असतो आणि कुठला न येणारा? दुसऱ्या दिवशी पंपावर गेले. तिथला मेंदी लावलेल्या दाढीचा बांगलादेशी भाई आम्हा दोघांना चांगला ओळखतो. त्याने नेहमीप्रमाणे विचारलं, तशी मी जवळजवळ ओरडलेच, "नाइंटी वन!" त्याने मुकाट्याने भरलं. बस आता स्वस्तातलं पीत, मी गाडीला म्हटलं. तुझा मालक येत नाही तर तुझे लाड मी एकटीने का म्हणून करायचे? घरी येईपर्यंत मला फार मजा वाटली. आल्यावर बोंबलांचा डबा बघून रडू आलं.

त्या दिवसापासून मी नाइंटी वनच घालायला लागले. आधी रागाने, मग सवयीने. फोनवर तो विचारायचा, "गाडी कशी आहे?" मी म्हणायची, "मजेत. तुझी वाट बघतेय." पेट्रोलचा विषय मी काढत नव्हते.

जूनमधल्या एका शुक्रवारी फारच आठवण आली म्हणून एकटीच घाटाने निघाले. अर्ध्या चढावर खालून आवाज सुरू झाला. टर्रर्र... टर्रर्र... पाय दाबला की जास्त, सोडला की कमी. कर्म माझं! रागाच्या भरात मी गाडीचं वाटोळं केलं होतं. सासऱ्यांची ताडपत्रीखालची रिक्षा, जी मी कधी पाहिलीही नव्हती, डोळ्यांसमोर आली. वरपर्यंत गेलेच नाही. पहिल्या वळणावर गाडी फिरवली आणि दवाखान्यात नेत असल्यासारखी जपत खाली आणली.

शनिवारी घाला भागातल्या एका गॅरेजमध्ये गेले. मेकॅनिक सरदारजी, बोलायला तोडून. सगळं सांगून टाकलं त्यांना, अगदी कन्फेशनला बसल्यासारखं. आधी नाइंटी फाइव घालत होतो, मग मी नाइंटी वन घातलं, मग हा आवाज आला. ते गाडीखाली शिरले, हाताने काहीतरी हलवलं, तोच टर्रर्र आवाज आला. सायलेन्सरच्या नळीवर उष्णता अडवायला एक पत्रा असतो, त्याचा बोल्ट गंजून तुटला होता. दहा मिनिटांत पत्रा घट्ट बसवून दिला.

"और पेट्रोल?" मी विचारलं.

त्यांनी टाकीचं झाकण उघडून आतलं विटकं लेबल मला दाखवलं. त्यावर ठसठशीत लिहिलं होतं, ९१. "मॅडम, ये गाडी बनी ही नाइंटी वन के लिए है. पंचानवे से इसको ना फायदा, ना नुकसान. जिस गाडी को पंचानवे चाहिए, वो अलग."

माझा जीव भांड्यात पडला. आणि लगेच हसू फुटलं. म्हणजे इतकी वर्षं आमचा हा शहाणा उगीचच ऐट मारत होता तर! आता फोनवर कसा धरते बघाच.

पण तरी प्रायश्चित्त म्हणून जाताना पंपावर वळले आणि भाईला म्हटलं, आज नाइंटी फाइव घाल. तो दाढीतल्या दाढीत हसला. "आज साहब आ गया क्या?"

"नहीं. क्यों?"

"नहीं, वो... साहब अकेला आता था तो हमेशा नाइंटी वन लेता था. मॅडम साथ में हो, तो ही नाइंटी फाइव."

मी पैसे त्याच्या हातात कोंबले आणि गाडी काढली.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावला. तो सासूबाईंच्या पलंगाशी बसला होता, त्यांनी त्याचं मनगट धरलेलं होतं. मी तोंडाचा पट्टा सोडला. लबाडा, चोरा, भाईने सगळं सांगितलं मला! तो इतका हसला, की सासूबाई दचकल्या.

"अगं, गाडी घेतली त्या दिवशी तूच म्हणाली होतीस, स्वस्तातलं पोटात घालून गाडी कशी धावेल, हिला चांगलंच घालायचं. मी लेबल पहिल्याच दिवशी वाचलं होतं. पण तू एवढी खूश होतीस."

मी कधी असं म्हणाले होते? मला आठवेना. मग अंधूकसं आठवलं. म्हणजे तो कायदा माझाच होता, आणि इतकी वर्षं हा तो माझ्यासाठी पाळत होता. मला एकदम त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं. गळा दीड तास पुढच्या घड्याळात, समुद्रापलीकडे होता.

"ऐक ना," मी म्हटलं. "सरदारजी म्हणाले इंजिन ठणठणीत आहे. साध्या पेट्रोलवर अजून पाच वर्षं कुठे जात नाही. तू आलास की वर घाटात जाऊ."

तो सासूबाईंच्या हातावरून हात फिरवत राहिला.

"इंजिन चांगलं आहे तर किंमत चांगली येईल," तो म्हणाला. "विकून टाक गं."

"म्हणजे?"

"आई मला सोडत नाही. मी दाराबाहेर गेलो तरी हाका मारते. बाकी कुणाला ओळखत नाही आता. अर्बाबचा फोन आला होता. मी नाही म्हटलं."

"कधी?"

"ईस्टरच्या आधी."

मी भांडायला तोंड उघडलं. हेही पेट्रोलसारखंच लपवलंस, असं म्हणणार होते. पण पलीकडे सासूबाईंनी त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं होतं. "बोंबील खराब व्हायच्या आत करून खा," तो म्हणाला. मी फोन ठेवला.

गिऱ्हाईक आठवड्याभरात मिळालं. हैदराबादचा तरुण, नुकतीच नोकरी लागलेला. बायको पुढच्या आठवड्यात येणार होती, तिला विमानतळावरून आणायला स्वतःची गाडी हवी होती. तो गाडी बघायला यायच्या आदल्या दिवशी मी पंपावर गेले. भर दुपार, कायदा मोडून. दार उघडून खाली उतरले आणि मीटरसमोर जाऊन उभी राहिले. भाई म्हणाला, "मॅडम, अंदर बैठो, बहुत गर्मी है." मी म्हटलं, झीरो बघू दे. झीरो बरोबर होता. मग त्याने विचारलं काय भरू, आणि मी सांगितलं.

त्या तरुणाने गाडीभोवती दोन चकरा मारल्या, बॉनेट उघडून बघितलं, इंजिनाचा आवाज ऐकला. मग जाणत्यासारखा विचारता झाला, "मॅडम, आप इसमें कौनसा पेट्रोल डालते थे?"

"दोघं असलो की नाइंटी फाइव," मी चुकून मराठीतच म्हणाले. मग त्याला समजावं म्हणून हिंदीत सांगितलं.

"अच्छा," तो म्हणाला. "और अभी टंकी में कौनसा है?"

"नाइंटी वन," मी म्हटलं, आणि किल्ली त्याला दिली.