बहात्तर ठोके

मी शाळेत शिकवते. खोटं बोलणारं पोर मला चेहऱ्यावरूनच कळतं, असा माझा मोठा तोरा होता. माझ्या स्वतःच्या बापानं चार दिवस माझ्याशी धडधडीत खोटं बोलून तो तोरा उतरवला. त्या चार दिवसांत ते केव्हाही गेले असते, हे आठवलं की आजही शिकवता शिकवता माझं वाक्य मध्येच तुटतं.

बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. आई गेल्यापासून नवेगाव बांधजवळच्या आमच्या गावात एकटेच राहायचे. मी एकुलती एक लेक, सासर फुलचूरला. मागच्या हिवाळ्यात त्यांना चार पावलं चाललं की धाप लागायला लागली. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयातून रक्त जिथून बाहेर पडतं ती झडप कडक झाली आहे, बदलावी लागेल. या वयात छाती उघडायची नाही, मांडीच्या नसेतून नळी नेऊन नवी झडप बसवू. बसवली. दुसऱ्या दिवशी बाबा वॉर्डात फेऱ्या मारत होते आणि तिथल्या वरणाला नावं ठेवत होते. मला वाटलं, सुटलो बाई एकदाचे.

सुट्टी द्यायच्या दिवशी डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. त्या झडपेला अगदी लागूनच हृदयातला करंट जायची वाट असते म्हणे. नवी झडप त्या वाटेवर दाबली गेली की करंट अडतो आणि ठोके एकदम कमी होतात. कधी लगेच, कधी दोन-तीन आठवड्यांनी. बाबांच्या ईसीजीत थोडा बदल होता. पाच दिवस ठेवून पाहिलं, वाढला नाही, म्हणून सोडत होते. महिनाभर दिवसातून तीनदा ठोके मोजा, पन्नासच्या खाली गेले किंवा चक्कर आली तर घरी थांबू नका, असं त्यांनी बजावलं. तसं झालंच तर छातीत कातडीखाली पेसमेकर बसवावा लागेल, छोटंसं मशीन असतं. हे ऐकल्यावर बाबा वाकून चपला शोधायला लागले. मी म्हटलं, म्हाताऱ्याला घराची घाई झाली.

मी त्यांना गावी जाऊ दिलं नाही, फुलचूरलाच आणलं. बोटाला लावायचा चिमटा विकत घेतला, त्यावर ठोक्यांचा आकडा दिसतो. आठवडाभर रजा टाकून मीच मोजत होते. अडुसष्ट, सत्तर, बहात्तर. मग शाळा सुरू झाली. सकाळची माझी धांदल पाहून बाबाच म्हणाले, तू डबे भर, मी पाहतो. तेव्हापासून ते आकडा सांगायचे आणि मी वहीत लिहायची. दुपारच्या सुट्टीत शाळेतून फोन करायची. सत्तर. बहात्तर. संध्याकाळी विचारलं की म्हणायचे, झालं माझं, बहात्तर. मी नागपूरला फोन करून डॉक्टरांना मोठ्या ऐटीत सांगितलं, साहेब, एकदम टकाटक आहेत. मधल्या एका दिवशी त्यांचं कोपर खरचटलेलं दिसलं. विचारलं तर म्हणाले, नळापाशी पाय सटकला. त्यावरही मी विश्वास ठेवला. वर शेवाळ साफ केलं नाही म्हणून ह्यांच्यावर तोंडसुख घेतलं.

शनिवारी सकाळची शाळा असते. बाराला घरी आले तर बाबा टीव्ही पाहत बसले होते, आवाज हा मोठा. कमी करायला रिमोट उचलला आणि तो चालला. आमचा रिमोट महिनाभर बंद होता. सेल आणा, सेल आणा म्हणून मी ह्यांच्या मागे लागून थकले होते. मी मागचं झाकण काढलं. आत नवे कोरे सेल, मीच त्या चिमट्यासाठी आणलेले. कपाटावरचा चिमटा घेतला, तो रिकामा होता. त्याच सकाळी त्या रिकाम्या चिमट्याचा आकडा मी वहीत लिहिला होता.

बाबांना काही न विचारता मी त्यांचं मनगट धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. एक ठोका लागला की दुसऱ्याची वाट पाहावी लागत होती. मध्ये इतका वेळ जायचा की मला वाटे, आता नाहीच येत. पंधरा सेकंदांत नऊ. नऊ चोक छत्तीस. दोनदा मोजलं, दोन्ही वेळा छत्तीसच. जन्मभर पोरांकडून पाढे घोकून घेतले, पण असा पाढा देवानं वैऱ्यालाही म्हणायला लावू नये.

बाबांनी मान खाली घालूनच सगळं कबूल केलं. मंगळवारी नळापाशी डोळ्यांपुढे अंधारी येऊन ते पडले होते. उठून चिमटा लावला तर अडतीस दिसले, म्हणून त्यांनी सेलच काढून टाकले. मी लहानपणापासून त्यांच्यासमोर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी घसा फाटेपर्यंत चढवला. ते एवढंच म्हणाले, "मले ते मशीन नाई बसवाचं."

ह्यांनी गाडी काढली. गोंदियाच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी पाहिली आणि आमच्याशी बोलायच्या आधी नागपूरला फोन लावला. करंट पूर्ण अडला होता, वरचे कप्पे एक बोलत होते आणि खालचे दुसरंच. ठोके वाढवायचं सलाइन लावलं. छातीवर आणि पाठीवर मोठ्या चिकटपट्ट्या चिकटवल्या, ठोके थांबायला लागले तर बाहेरून झटके द्यायला. आणि ॲम्ब्युलन्समधून नागपूरला रवाना केलं. आत मी, बाबा आणि दवाखान्यातला एक ब्रदर. हे मागून गाडी घेऊन येत होते.

त्या गाडीत ठोके दाखवणाऱ्या मशीनचा एक एक टिंक ऐकताना माझा जीव मुठीत होता. दोन टिंकांच्या मध्ये मी श्वास घेत नव्हते. आणि नेमकं तेव्हाच, थांबत थांबत, बाबांनी सांगितलं की हे सगळं त्यांनी कायले केलं.

गावात कोणीही गेलं की सरण रचायला बाबांनाच बोलावतात. पावसाळ्यात ओल्या लाकडाचंही सरण ते असं रचतात की मध्ये ढासळत नाही, असं पंचक्रोशीत म्हणतात. काही वर्षांपूर्वी गावातले एक म्हातारे गुरुजी गेले. त्यांच्या छातीत पेसमेकर होता. तो आधी काढायचा असतो हे घरच्यांना कोणी सांगितलं नव्हतं. बाबांनी सरण रचलं, अग्नी दिला, माणसं बसली. थोड्या वेळानं सरणात मोठा धमाका झाला. जळतं लाकूड उडून गुरुजींच्या पोराच्या हातावर बसलं. सगळे ओरडत पळाले. सरण ढासळलं आणि प्रेत उघडं पडलं. परत यायला कोणी तयार होईना. बाबांनी एकट्यानं बांबूनं ढकलून ढकलून ते पुन्हा झाकलं. पुढे गावात बोभाटा झाला की मशीनवाल्याचा जीव सुखानं जात नाही, सरणावरून उठतो. ही गोष्ट बाबांनी घरात कधी काढली नव्हती. आईपाशीही नाही.

"लोकं माज्या सरणापासून पळावे, हे मले नाई पायजे," बाबा म्हणाले.

कोहमाऱ्याच्या चौकात ट्रकांची रांग लागली होती. तिथून सरळ गेलं की नवेगाव बांध, उजवीकडे वळलं की नागपूर. बाबांना पडल्या पडल्या खिडकीतून काय दिसलं कोण जाणे, पण जागा त्यांनी ओळखली.

"बाई, गाडी सरळ घ्याले सांग. घरी नेऊन दे मले."

ब्रदर माझ्याकडे पाहायला लागला. मला रडू येत होतं आणि रागही तेवढाच येत होता. गुरुजींच्या घरच्यांचा राग, त्या मशीनचा राग, आणि सरणाची काळजी करता करता जिवंत लेकीला विसरलेल्या या माणसाचा सगळ्यात जास्त. मी त्यांच्या कानाशी वाकले. म्हटलं, "बाबा, वेळ येईल तेव्हा मी डॉक्टर घरी आणीन आणि समोर उभी राहून ते मशीन काढून घेईन. तोवर तिरडीला कोणाला हात लावू देणार नाही. मेले तरी नाही."

"तू काढशीन?"

"मी काढीन."

ते उत्तर द्यायच्या आधीच त्यांचे डोळे वर गेले. टिंक थांबला. ब्रदरनं बटण फिरवलं आणि बाबांची छाती हिसके द्यायला लागली, पलंगावरून अर्धी उचलली जात होती. मी किंचाळले असेन, मला आठवत नाही. गाडी उजवीकडे वळलेली तेवढी कळली. बऱ्याच वेळानं बाबा कण्हले. डोळे उघडून मला म्हणाले, "बसव मंग."

त्याच संध्याकाळी डाव्या खांद्याखाली पेसमेकर बसला. आठवडाभरानं बाबा पुन्हा वरणाला नावं ठेवायला लागले. गावी जाऊन पारावर सगळ्यांना सांगून आले की माजी पोरगी मशीन काढून घेणार आहे, तुमी भिऊ नका. मला वाटलं, या माणसाला मरणाची भीती नाहीच. ज्यानं अख्ख्या गावाला पोचवलं, त्याला कसली भीती? भीती असते ती आम्हा मागे राहणाऱ्यांना.

तीन महिन्यांनी तपासणीला गेलो. डॉक्टर म्हणाले, मशीनचा वेग जरा कमी करून पाहतो, हृदय स्वतःचं किती चालतंय ते कळेल. काही झालं तर लगेच वाढवू. बाबा म्हणाले, पाहा ना, मले काय. मी त्यांच्या शेजारी उभी होते. पडद्यावर साठ होते. मग पन्नास, मग चाळीस. मग उंच रेघा आल्याच नाहीत, पडद्यावर सपाट रेघ सरकत राहिली. बाबांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी माझं मनगट पकडलं, इतकं घट्ट की नखं रुतली.

"चालू करा," बाबा म्हणाले. "डॉक्टरसाहेब, चालू करा ना. मले मराचं नाई."

डॉक्टरांनी वेग लगेच साठवर आणला. सगळं मिळून चार-पाच सेकंद गेले असतील. डॉक्टर हसून म्हणाले, आजोबा, आता सगळं मशीनवरच आहे, जपा. बाबा हसले नाहीत. मीही नाही. लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, गाडीचं दार उघडेपर्यंत त्यांनी माझं मनगट सोडलं नाही, आणि मी सोडवून घेतलं नाही.