दोनतारी ऑइल

रविवार, १९ मे २०२४, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे. भुशी धरणाच्या रस्त्यावरील वाहतूक कोंडीत मामाच्या जुन्या मोटारसायकलवर पुढे मी होते आणि मागे, पंच म्हणून, मामी.

कोंडीत इंजिन तापले की गिअर अडकत आणि न्यूट्रल सापडत नसे, म्हणून मामाने गाडी विकायला काढली होती. देहूरोडचे गिऱ्हाईक त्याच दिवशी पाच वाजता येणार होते. मला मात्र ती तळेगावच्या प्रयोगशाळेत नोकरीला जाण्यासाठी हवी होती. मामाची अट एकच: भर कोंडीत पहिल्या प्रयत्नात न्यूट्रल लागले तर गाडी माझी, नाही तर गिऱ्हाइकाची.

वादाचे मूळ ऑइलच्या डब्यावरील आकड्यात होते. हे इंजिन वाऱ्यावर थंड होणारे, आणि कोंडीत वारा कुठला! तरी मामा त्यात वर्षानुवर्षे ‘१०डब्ल्यू-३०’ ओतत असे. मी ‘२०डब्ल्यू-५०’ आणले.

“हितं ऊन पस्तिसाच्या वर जातंय का? मग पन्नासचं कशाला? मी काय राजस्थानात ऱ्हातो?”

“मामा, तो आकडा हवेचा नाही. शंभर अंशांना ऑइल किती दाट राहतं, त्याचा आहे.”

“घ्या! शास्त्रज्ञबाई आल्या.”

दर दिवाळीला पाकातले लाडू वळणाऱ्या मामीने हातातले काम न सोडता विचारले, “म्हंजी तापल्यावर तीसचं एकतारी अन् पन्नासचं दोनतारी, व्हय?”

या व्याख्येत मला काही सुधारणा करता आली नाही.

कोंडीत आम्ही पहिल्या गिअरमध्ये वीस मिनिटे रांगलो.

“अगं, पोटऱ्या भाजल्या माझ्या!”

“मामी, आता न्यूट्रलचा दिवा बघ.” मी डाव्या पायाच्या अंगठ्याने गिअर हलकेच उचलला.

“हिरवा! लागला गं हिरवा!” मामी इतक्या जोरात ओरडली की सिग्नल सुटल्याच्या समजुतीने मागच्या साऱ्या मोटारींनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. त्या रस्त्याला सिग्नल नाही.

कडेला थांबून मी ऑइलमध्ये तापमापक सोडला: एकशे एकोणीस अंश. जुन्या ऑइलसह, मागच्या रविवारी, त्याच वळणावर: एकशे एकवीस. म्हणजे इंजिन जवळपास तितकेच तापले होते. फक्त ऑइल या वेळी दाट राहिले होते.

मामाला निकाल अर्थातच मान्य नव्हता. “दिवाच बिघडला आसंल. तुंगार्लीपर्यंत जाऊन बघतो, आलोच.” तीन वाजता गेलेला तो पाचला परतला. दारात गिऱ्हाईक चहा पीत बसले होते.

“माफ करा भाऊ,” मामा गाडीवरूनच म्हणाला, “इकायची न्हाई. भाचीची हाय.” चावी माझ्या हातावर ठेवताना त्याने ती क्षणभर सोडलीच नाही. “रविवारी तेवढी माझी.”

घरापासून तुंगार्लीला जाऊन येणे म्हणजे सहा किलोमीटर. मी सवयीने ओडोमीटर पाहिला आणि त्यातून दुपारचा आकडा वजा केला.

एक्केचाळीस.