पन्नाशीचं हॉटेल मी निवडलं

आठ गजरे मी ओवून नेले होते. जुईचे. सात त्यांचे, आठवा माझा.

कुंदाच्या हॉलमध्ये ती आणि बिल्डिंगमधल्या तिच्या मैत्रिणी नटून बसल्या होत्या. त्यांनी पुडी माझ्या हातातून घेतली आणि एकेक गजरा माळला. एक उरला. तेवढ्यात पलीकडच्या विंगेतली एक बाई धापा टाकत आली. "मीपण येते गं, सोडलं एकदाचं ह्यांनी!" कुंदाने तो गजरा तिच्या अंबाड्यात खोचला आणि माझ्याकडे वळली.

"मावशी, बरं झालं लवकर आलात. सासूबाईंना चार पोळ्या टाका, थोडी भाजी करा. आम्हाला यायला दहा वाजतील. बसाल ना त्यांच्याजवळ?"

मी हिरवी साडी नेसले होते. पायात नव्या चपला. पोळ्या लाटायला कुणी अशी नटून येतं का, हेसुद्धा कुणाच्या मनात आलं नाही.

तुळिंजमधली गोष्ट. कुंदाची पन्नाशी होती त्या दिवशी. माझी तीन दिवसांनी. म्हणजे मी तिच्यापेक्षा तीन दिवसांनी लहान, आणि ती मला मावशी म्हणायची!

तेही चार माणसांत. एकटी असली की "अगं". वसईजवळच्या आमच्या गावात एका बाकावर बसायचो आम्ही. तिचे वडील पोस्टात, माझ्या बापाची केळीची वाडी. सातवीनंतर ती पुढे शिकली, मी वाडीत पाणी लावायला गेले. पुढे नवरा गेला आणि मी पोळ्यांची कामं धरली. एका दारावरची बेल वाजवली, दार उघडलं, तर कुंदा! दोघी हसलो, रडलो. मग ती हळूच म्हणाली, "इथे कुणाला सांगू नकोस हं. उगाच चौकशा करतात."

मला वाटलं, गंमत आहे. दोघींचं गुपित. केवढी मी शहाणी! दोन वर्षं ते गुपित पदराच्या गाठीत बांधून फिरले.

पन्नाशी जवळ आली. मी कणीक मळत होते, कुंदा ओट्याला टेकून उभी.

"अगं, जेवायला कुठं नेऊ सगळ्यांना? एकीला कांदा-लसूण चालत नाही, एकीला मासळीशिवाय घास उतरत नाही. तुला काय वाटतं?"

मला काय वाटतं! हे मला कुणी कधी विचारलंच नव्हतं. नवऱ्याने तर चहा घेतेस का, एवढंही नाही. मी लगेच फुगले.

"बघून येते," म्हटलं. हॉटेल पुढून बघायचं नसतं. पुढून सगळीच चकचकीत. मी मागच्या दाराने गेले, भांडी घासणाऱ्या बायका ओळखीच्याच होत्या. तीन दुपारी तीन हॉटेलं. एकात मासे कापलेल्या सुरीनेच पनीर कापणं चालू. दुसऱ्यात संडासाशेजारच्या नळावर तांदूळ धुणं. तिसरं चंदनसारला. तिथला आचारी फळी लिंबू-मिठाने घासत होता, शाकाहारी जेवणाची शेगडीच वेगळी. त्याने वाटीभर आमटी पुढे केली. "चाखून बघा, ताई."

मी काय म्हणाले असेन? "आत्ता नको. त्या दिवशी टेबलावर बसून खाईन." मान वेळावून म्हणाले! त्या बाईला आज धरून दोन चापट्या माराव्याशा वाटतात.

सासूबाईंना जिना चढवत नाही, म्हणून खालच्या टेबलाचंही विचारून आले. कुंदा म्हणाली, "नको गं, एसी वर आहे." जी सासूला नेत नाही ती मला नेणार होती? पण तेव्हा मी घरी चमच्याने वरणभात खायचा सराव करत होते. अर्धा भात मांडीवर. मांजर खूश.

तर मी तिथे, हॉलमध्ये. केसांत गजरा नसलेली.

"मावशी, ऐकलंत ना?"

"कुंदा," मी म्हटलं, "मी तुझी मावशी नाही. एका बाकावर बसायचो आपण. मला नावाने हाक मार."

मग एकजण म्हणाली, "अय्या! जरा हसून बोललं की डोक्यावर बसतात या."

कुंदाने फक्त "हो, एका वर्गात होतो आम्ही" एवढं म्हणायचं होतं. मी त्यासाठी थांबले. तिने घड्याळ बघितलं.

"उशीर होतोय. पोळ्यांचं काय?"

"तू कर. सासू तुझी."

आतून सासूबाई ओरडल्या, "मला दूधभात चालतो गं! जाऊ दे तिला." त्या घरात माझ्या बाजूने बोललेलं एवढंच माणूस. तेही भिंतीपलीकडून.

खाली आले. चपला चावत होत्या. कोपऱ्यावर उभी राहिले, कारण दुसरीकडे कुठे जायचं हे ठरवलंच नव्हतं. समोरून त्यांच्या रिक्षा गेल्या. आत हसणं. कुणी बाहेर बघितलं नाही. घरी मुलाला सांगून ठेवलं होतं, माझं जेवण नको. तो कामावर गेलेला. घरात शिजवलेलं काही नाही. पाणी प्याले आणि आडवी झाले.

तीन दिवसांनी माझी पन्नाशी. दिवसभर दार उघडं ठेवून बसले होते. कुंदाची वाट बघत. हसा, मीही हसते. कुणी आलं नाही.

त्या बिल्डिंगमधली बाकीची कामंही गेली. पुढे नवीन घरी गेले की पगाराचं बोलण्याआधी अट सांगायची: चार माणसांत जी हाक, तीच एकटं असताना. पहिल्या घराने दार लावलं. दुसरीने "कळवते" म्हटलं. कळवलं नाही. दोन महिने भावाच्या वाडीतली केळी टोपलीत घेऊन विकली. अट सोडली नाही.

मग एकदा बाजारात कुंदा दिसली. इकडेतिकडे बघितलं तिने, ओळखीचं कुणी नाही हे पाहून हाक मारली, "अगं!"

ऐकलं मी. स्पष्ट ऐकलं. वळले नाही. तुझ्या त्या सात जणींसमोर हाक मार, कुंदा. मग वळेन. तोवर नाही.