ताईची तपकिरी चरबी

मुग्धाचा फोन आला तेव्हा मी वजनकाट्यावर उभी होते. सकाळचे सात वाजले असतील. फोन कशाचा असणार हे मला ठाऊक होतं, तरीही मी आधी वाकून काटा पाहिला आणि मग बाहेर गेले. "मावशी, मम्मी गेली," मुग्धा म्हणाली. पुढचं मराठी तिला सुचेना. "मतलब... आत्ताच. तू ये." माझी सख्खी बहीण गेल्याचा फोन वाजत होता आणि मी स्वतःचं वजन बघत होते, हे गेल्या दीड महिन्यात मी कुणालाही सांगितलेलं नाही. आज लिहिते आहे, कारण विजूताईबद्दल खरं लिहायचं तर माझा हेवा वगळून लिहिता येणार नाही.

आम्ही सांगलीच्या. ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. एकाच स्वयंपाकघरात, एकाच आईच्या हातचं खाऊन वाढलो. ती वेताच्या छडीसारखी राहिली आणि मी दर वर्षी रुंद होत गेले. इतर घरांत थोरलीचे कपडे धाकटीला येतात. आमच्याकडे आई माझे फ्रॉक दोन्ही बाजूंनी आत घेऊन ताईला घालायची आणि वर म्हणायची, "विजूला काय, काहीही शोभतं." मला बघायला पहिली मंडळी आली तेव्हा ताई लग्न होऊन माहेरपणाला आलेली होती. तिनं पोह्यांचा ट्रे बाहेर नेला, तर मुलाच्या आईनं हसून विचारलं, "हीच ना आमची मुलगी?" ताईनं पटकन मला पडद्याआडून पुढे ओढलं. त्या बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू कसं विझत गेलं, ते मी पडद्याजवळ उभी राहून पाहिलं. यात ताईचा काहीच दोष नव्हता. तसा तो कधीच नसायचा, आणि म्हणूनच मला तिच्यावर धड रागावताही आलं नाही.

दाजी बँकेत. त्यांची जयपूरला बदली झाली आणि मुरलीपुऱ्यात त्यांनी घरच बांधलं. नव्या शतकाच्या सुरुवातीला आमच्या ह्यांच्या विमा कंपनीनं आम्हालाही तिथेच पाठवलं. सगळे म्हणाले, दोघी बहिणी जवळ आल्या, छान झालं! झालं ते छानच. दर शनिवारी आम्ही चारदीवारीत, म्हणजे तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरात, खरेदीला जायचो. ताई उभ्या उभ्या दोन प्याज कचोऱ्या संपवायची आणि माझ्या अर्ध्या कचोरीकडे बघून म्हणायची, "खा गं शके, एवढ्यानं काय होतं!" तिला काहीच होत नव्हतं. पौष महिन्यात गल्लीतल्या बायका शाली गुंडाळून शेगडीशी बसायच्या, आणि ही सुती साडीत, ओल्या केसांनी गच्चीवर कपडे वाळत घालायची. शेजारच्या भाभी रोज विचारायच्या, "दीदी, आपको ठंड नहीं लगती?" आणि ताई रोज हसायची.

गेल्या दिवाळीच्या सुमाराला ती आणखी बारीक दिसायला लागली. मी तिच्या मनगटाकडे बघत म्हटलं, "अजून किती बारीक होणार आहेस? काय करतेस ते मलाही सांग की." ती म्हणाली, "काही नाही गं. भूकच लागत नाही हल्ली." इथे मी थांबायला हवं होतं. कचोऱ्या खाणाऱ्या बाईला भूक लागत नाही, म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे कुणालाही कळलं असतं. मला फक्त एवढंच वाटलं की भूक न लागणं हे केवढं भाग्य... आणि तेही हिलाच. दोन महिने मी अशीच जळत राहिले. शेवटी मुग्धानं तिला डॉक्टरकडे ओढत नेलं. पोटात गाठी निघाल्या. लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग. तो कुठवर पसरलाय हे बघायला पेट स्कॅनसाठी दिल्लीला जायचं ठरलं. दाजींना एकट्यानं हे झेपणार नव्हतं, म्हणून मीही सोबत गेले.

या तपासणीत साखरेसारखं एक औषध टोचतात. शरीरात जिथे साखर भराभर जळते, तो भाग चित्रात उजळतो. ताईचं पोट उजळलं होतं, पण मानेच्या दोन्ही बाजूंना आणि खांद्यांपर्यंतही ठळक उजेड होता. दाजींनी डोळेच मिटून घेतले. डॉक्टर मात्र बराच वेळ चित्र न्याहाळत राहिले आणि म्हणाले, "गले वाला हिस्सा शायद बीमारी नहीं है. इन्हें ठंड में लाए थे क्या?" मग त्यांनी समजावून सांगितलं. आपल्याला माहीत असलेली चरबी पांढरी, ती साठून राहते. दुसरी एक तपकिरी असते, ती जळते आणि अंगात ऊब तयार करते. तान्ह्या बाळांना ती असते आणि मोठेपणी जवळजवळ नाहीशी होते, असं पूर्वी समजत. आता अशा तपासण्यांमधून दिसू लागलंय की काही मोठ्या माणसांतही ती शिल्लक असते, सडपातळांत जास्त, आणि थंडीत ती जागी होते. "लोग तो सोच रहे हैं कि मोटापे का इलाज इसी से निकलेगा," ते म्हणाले.

ताई समोर हॉस्पिटलच्या ब्लँकेटमध्ये बसली होती. तिच्या पोटात काय आहे ते आम्हा सगळ्यांना दिसत होतं. आणि मी, तिची बहीण, डॉक्टरांना काय विचारावं? "ये चरबी बढ़ा सकते हैं क्या?" डॉक्टर सौम्यपणे म्हणाले की अजून असं औषध नाही, आणि एखादा माणूस केवळ या चरबीमुळेच बारीक राहतो, असंही छातीठोकपणे सांगता येत नाही. बाहेर आल्यावर ताईनं माझा दंड धरला. "हेवा वाटला ना तुला? आत्ता, तिथे?" मी हातातल्या फाइलचे कागद सारखे करू लागले. "वाटू दे," ती म्हणाली. "पण देता आली असती ना शके, तर अर्धी तुला दिली असती." ती मनापासून बोलत होती, हे मला अधिकच लागलं.

चार दिवसांनी पुन्हा तपासणी झाली. या वेळी तिला तापवलेल्या खोलीत दोन ब्लँकेटं पांघरून बसवलं होतं. "मला उकडतंय, काढा हे," ती कुरकुरत होती. नव्या चित्रात मान अगदी काळोखी, स्वच्छ. पोट तसंच उजळलेलं. गळ्यापुरती डॉक्टरांची शंका खरी ठरली, आणि तेवढ्यावर दाजी रडले.

जयपूरला परतल्यावर तिची केमोथेरपी सुरू झाली. त्या दिवसांत मी काय केलं ते सांगते. ऐन जानेवारीत रोज पहाटे मी आमच्या गच्चीवर स्वेटरशिवाय, पातळ गाऊनवर तासभर बसू लागले. थंडीनं ती चरबी जागी होते ना? दात वाजायचे, बोटं निळी पडायची, आणि मी मान चाचपून बघायचे, जणू हाताला काही लागणार होतं. दहाव्या दिवशी ताप भरला आणि खोकला छातीत उतरला. केमोथेरपीच्या माणसाजवळ खोकणाऱ्यानं फिरकायचं नसतं. तीन आठवडे मी ताईला भेटू शकले नाही. आपल्या माणसाचा हात लागावा असं तिला सगळ्यात जास्त वाटत असेल ते हेच तीन आठवडे, आणि ते मी घालवले.

आमच्या ह्यांनी फोनवर तिला सारं सांगून टाकलं. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग माझ्याशी बोलली तेव्हा आवाज बारीक झाला होता. "वेडे, मला आता थंडी वाजते. आयुष्यात पहिल्यांदा. तुम्ही सगळे हे कसं सोसत होता गं?"

खोकला थांबल्यावर गेले. मी दारात दिसताच तिनं हात पसरले. "ये, अशी टेकून बस. मुग्धा अगदी हाडकुळी, तिची ऊब लागत नाही." मी तिच्या अंगाला अंग लावून बसले. तासाभरानं तिचं थरथरणं थांबलं आणि ती झोपली. माझ्या देहाचा कुणाला इतका उपयोग झाल्याचं मला आठवत नाही. आणि तरीही, तिची मान कलली तेव्हा गळ्याचं ते रेखीव हाड दिसलं आणि मनात आलं, किती सुंदर... माझं असं कधीच दिसणार नाही. पुढच्या आठवड्यात तिला न्यूमोनिया झाला. त्यातून ती उठली नाही.

परवा मुरलीपुऱ्याला गेले होते. दाजी ताईच्या खोलीत खिडकीशी झटत होते. तिच्या पलंगाच्या उशाची ती खिडकी बंदच होत नाही. इतकी वर्षं उन्हाळा-हिवाळा ती उघडीच असायची. चौकट फुगली आहे, कडी गंजून जागच्या जागी बसली आहे. "सुताराला बोलावतो," ते म्हणाले. मी म्हटलं, "राहू द्या ना दाजी." ते बाहेर गेल्यावर मी पलंगावर, तिच्या जागी आडवी झाले. सकाळचं गार वारं थेट मानेवर येत होतं. थोड्या वेळानं मी पदर गळ्याभोवती घट्ट ओढून घेतला. ही बाई इथे, अशा वाऱ्यात, वर्षानुवर्षं गाढ झोपायची... मला तिचा फार हेवा वाटला.