धडगावच्या टॅबवरचं उघडं पान

माझी मोठी बहीण धडगावच्या पुढे, घाटातल्या एका आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. मी शहाद्याला घरात बसून पुण्याच्या कंपनीसाठी वेबपानं बनवते. योग असा की गरोदर बायांच्या तपासणीची नोंद ती ज्या पानावर करते, ते पान आमच्याच टीमचं.

एकदा दुपारी तिचा फोन आला. आवाज चढलेला.

"तुन्हं पान परत नागडं उनं! सेव्ह दाबाले गयू, ते रद्दवर बोट पडनं. सगळं गयं."

मी लॅपटॉपवर तेच पान उघडलं. स्वच्छ, निळं, बटणं जागच्या जागी. "इथं तर बरोबर दिसतंय, ताई."

"तुन्हा आठे दिसस. मन्हा आठे काय दिसस ते मी सांगी ऱ्हायनू," म्हणाली, आणि फोन ठेवला.

नागडं पान म्हणजे काय, ते मला लगेच कळलं. पूर्वी रंग, आकार, जागा हे सगळं, म्हणजे पानाची स्टाइल, वेगळ्या फाइलमध्ये असायचं. ब्राउझर ती फाइल आधी वाचायचा आणि पान नीट मांडूनच दाखवायचा. आमच्या टीमलीडने नियम केला होता की प्रत्येक कंपोनंटची, म्हणजे बटण, रकाना अशा पानाच्या सुट्या भागाची, स्टाइल त्याच्याच जावास्क्रिप्ट कोडच्या आत लिहायची. नियमाला कारणही होतं. कुणी एका पानावरचं बटण बदललं की दुसऱ्याच पानावरचं बिघडायचं, ते त्यामुळे थांबलं. पण आता पानाचा मजकूर आधी पोचायचा, आणि स्टाइल तयार व्हायची ती जावास्क्रिप्ट चालल्यावर. माझ्या लॅपटॉपवर हा मधला वेळ जाणवतच नव्हता. ताईच्या जुन्या टॅबवर मात्र तेवढ्यात माणूस बटण दाबून मोकळा होतो.

मी ब्राउझरचा वेग मुद्दाम कमी केला, पान उघडं पडताना टिपलं आणि ते चित्रण टीमलीडला पाठवलं.

"हे तू कृत्रिमरीत्या केलंयस," तो मीटिंगमध्ये म्हणाला. "खऱ्या वापरात असं होतं याचा पुरावा काय?"

"माझी बहीण रोज वापरते."

"एका वापरकर्त्यावरून आपण आर्किटेक्चर बदलत नाही."

बाकी सगळे म्यूटवर. मी 'ठीक आहे' म्हटलं, आणि दिवसभर स्वतःवरच चिडत राहिले.

शेवटी सुट्टी टाकून जीपने धडगाव गाठलं. शेजारच्या बाईचं कोंबड्यांचं टोपलं मांडीवर. पुढे ताई तिच्या स्कूटीवर घ्यायला आली होती.

उपकेंद्रात बाया भिंतीला टेकून बसलेल्या. ताईपुढे एक पोरसवदा बाई होती, फक्त पावरी, म्हणजे तिथली आदिवासी बोली, बोलणारी. ताईची पावरी मोडकीतोडकी. मागची पाळी कधी, आधी मूल गेलंय का, असे प्रश्न ताई हातवारे करत, शब्द शोधत विचारत होती. आधीच्या बाळाचं विचारलं तेव्हा त्या बाईनं खाली बघत हळूच काहीतरी सांगितलं. ताईनं ते भरलं. सेव्ह करायचं शेवटचं पान आलं ते उघडंच. काळी अक्षरं डावीकडे एकाखाली एक. ताईनं सेव्हवर बोट नेलं, त्याच क्षणी रंग आले, सगळं खाली सरकलं, आणि बोटाखाली आलं 'रद्द करा'.

फॉर्म कोरा झाला.

ताईनं एकदा माझ्याकडे बघितलं. वळून त्या बाईला पुन्हा पहिल्यापासून विचारू लागली. बाळाच्या प्रश्नाशी आल्यावर ती बाई ताईकडे अशी बघायला लागली, जणू हिनं मघाशी ऐकलंच नव्हतं. मला तिथं उभं राहवेना. मी बाहेर जाऊन हापशावर तोंड धुतलं.

बाया गेल्यावर मी टॅबवर खोटी माहिती भरून फक्त स्क्रीनचं चित्रण केलं. घरी आल्यावर त्या एका फॉर्मच्या सगळ्या स्टाइल जावास्क्रिप्टमधून उपसल्या आणि साध्या फाइलमध्ये ठेवल्या. स्टाइलना दिलेली नावं त्या त्या कंपोनंटपुरतीच राहतील अशी सोय केली, म्हणजे नियमामागचं कारणही सांभाळलं. चित्रणासकट मंजुरीसाठी पाठवलेलं ते काम टीमलीडने परत पाठवलं. शेरा होता: 'पॅटर्न मोडतो.'

मी थेट फोन लावला. "पॅटर्न मोडतो हे मान्य. तिथं नोंद मोडते, त्याचं काय?"

बरीच घासाघीस झाली. "फक्त हा एक फॉर्म. बाकी कशाला हात लावू नकोस," असं म्हणून त्याने परवानगी दिली.

फॉर्म सुधारल्यावर ताईचा फोन आला. "आते बरं शे. पन लसीकरनवालं पान अजून तसंच शे." त्या पानाला हात लावायची मला बंदी होती. हे मी तिला कसंबसं सांगितलं.

पुढे काही महिन्यांनी टीमलीडने मोठी मीटिंग घेतली. जावास्क्रिप्टमध्ये स्टाइल लिहायला आम्ही वापरत होतो ती तयार कोडची लायब्ररी तिच्या परदेशी कर्त्यांनी पुढे वाढवायची नाही असं ठरवलं होतं. "सगळं जग या पद्धतीतून बाहेर पडतंय," तो उत्साहानं म्हणाला, "आपणही स्टाइल बाहेर काढू." आणि उदाहरण म्हणून माझाच फॉर्म दाखवला. धडगावचा उल्लेख नाही.

सगळे वा वा म्हणाले. काम अर्थात माझ्याकडे आलं. मी माइक बंद केला, आईनं ठेवलेला गार चहा एका घोटात संपवला आणि सगळ्यांत आधी लसीकरणाचं पान उघडलं.